वणव्याला निघताना अंगावर काय असावं

पोरांनो, वणव्याला निघणाऱ्यानं अंगावरचा कपडा गाव सोडायच्या आधी तपासायचा असतो. डोंगरावर पोचल्यावर तपासून उपयोग नाही.

आपल्या अकोले तालुक्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. घाटघर-रतनवाडीकडे पाऊस धो धो कोसळतो, त्यावर गवत कमरेएवढं माजतं आणि होळीच्या आतच खडखडीत वाळतं. वनखातं वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून असा धरतं. आग बहुतेक वेळा माणसाच्याच हातून लागते. कधी विडीचं थोटूक, कधी राब भाजताना उडालेली ठिणगी, कधी गडावर मुक्कामाला आलेल्यांची शेकोटी, तर कधी ‘जाळलं की नवं गवत जोमात येतं’ हा जुना समज. त्यावर पुन्हा कधीतरी बोलू. आज फक्त विझवायला जाणाऱ्यांविषयी, म्हणजे हंगामी अग्निरक्षक, वनमजूर, वन समितीची पोरं आणि डोंगर पेटला की हातातलं काम टाकून धावणारे गावकरी यांच्याविषयी.

कपडा कशासाठी असतो

कपडा तुम्हाला आगीत उभं राहायला मदत करत नाही, मागे फिरायला थोडा वेळ मिळवून देतो. हे एकदा मनात बसलं की बाकीची निवड सोपी होते.

शहरातल्या अग्निशमन दलाचा जाड कोट बघून कुणालाही वाटेल की असाच आपल्यालाही हवा. तो कोट इमारतीच्या आगीसाठी असतो. जवान पाठीवर हवेची नळकांडी घेऊन थोड्या वेळासाठी आत जातो आणि बाहेर येतो. तुम्हाला तर तास न् तास उतारावर चढ-उतर करत फांदी आपटायची असते, गवत कापायचं असतं. तोच कोट घालून हरिश्चंद्रगडाची वाट चढायला लागलात, तर आगीच्या आधी उष्माघात गाठेल.

ऑस्ट्रेलियात 1980च्या दशकात ‘प्रोजेक्ट अॅक्वेरियस’ नावाचा अभ्यास झाला. वणवा विझवणाऱ्या माणसांच्या अंगात उष्णता कुठून येते हे त्यात मोजलं. सुमारे दोन भाग उष्णता त्यांच्या स्वतःच्या मेहनतीतून येत होती आणि फक्त एक भाग आग आणि ऊन मिळून. म्हणून वणव्याच्या कपड्याला दोन कामं असतात. बाहेरची धग अडवायची आणि आतली वाफ बाहेर जाऊ द्यायची. घाम वाळू न देणारा कपडा कितीही महाग असला तरी आपल्या कामाचा नाही.

दोरा जाळून बघा

सगळ्यात मोठा धोका वितळणाऱ्या कापडाचा. गवताच्या ज्वाळेचं तापमान 800 अंश सेल्सिअसच्या पुढे जातं आणि पॉलिस्टर 250-260 अंशांनाच वितळतं. नायलॉनही त्याच आसपास. वितळलेलं कापड उकळत्या गुळाच्या पाकासारखं कातडीला धरतं, आणि ओढून काढू गेलात तर कातडीसकट निघतं.

दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका. आतल्या दाबातून कापडाचा एक उभा आणि एक आडवा दोरा ओढा. दोन्ही बघायचे, कारण पुष्कळ कापडांत एक सुती आणि दुसरा कृत्रिम असतो. दोरा चिमट्यात धरून काडी लावा. सुताला कागद जळाल्याचा वास येतो आणि मागे चुरडली जाणारी मऊ राख उरते. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि ज्योत काढली की ती बहुधा विझते. पॉलिस्टर आधी आकसतं, मग वितळतं, आणि टोकाला काळा कडक मणी धरतं. मणी दिसला की तो कपडा लग्नाला वापरा, वणव्याला नको.

ही परीक्षा गणवेशाचीही करा. बाजारात खाकी कापड पुष्कळदा टेरीकॉट असतं. त्याची इस्त्री टिकते म्हणून लोकांना ते आवडतं. त्यापेक्षा सुती खाकी ड्रिल घ्या, चुरगळलं तरी चालेल. जीन्स घालायची तर ताणली जाणारी नको, जुन्या पद्धतीची जाड सुती हवी. ट्रेकवाल्या पोरांचे घाम सुकवणारे टी-शर्ट जवळजवळ सगळेच पॉलिस्टरचे असतात. त्यांच्यातला कुणी मदतीला आला तर आधी त्याला सुती सदरा द्या, नाहीतर पाणी पोचवायच्या कामावर ठेवा.

सुती कापड पेटत नाही असंही समजू नका. ते पेटतं, पण वितळत नाही आणि अंगाला चिकटत नाही. घट्ट विणीचं जाड सूत पेटायलाही वेळ घेतं. पैसे असतील तर अग्निरोधक प्रक्रिया केलेलं सुती कापड घ्या, ते ज्योत दूर गेली की विझतं. नोमेक्ससारखे अरामिड धागे त्याहून चांगले. ते वितळत नाहीत, काळे पडून जाड होतात. परदेशातले पुष्कळ वणवा विझवणारे तेच घालतात, पण किंमत भारी असते. हे मिळेपर्यंत चांगला सुती ड्रिल तुम्हाला उघड्यावर टाकणार नाही.

आतून बाहेर या

लोक वरचा सदरा बघतात आणि आतलं विसरतात. वरचं सूत शाबूत असलं तरी धग आरपार जाते आणि आतला नायलॉनचा बनियन वितळू शकतो. म्हणून बनियन, चड्डी, पायमोजे सगळं सुती. पायमोजे लोकरीचे मिळाले तर उत्तम.

सदरा-विजार सैल ठेवा. कापड आणि कातडी यांच्यामधली हवा ही फुकटची ढाल आहे. आवळून बसलेल्या कपड्यातून धग थेट अंगाला भिडते. बाह्या मनगटापर्यंत, कॉलर वर, गुंड्या सगळ्या लावलेल्या. दम खायला आगीपासून लांब आलात की सगळं मोकळं सोडा, अंगाला वारा लागू द्या. पुन्हा पुढे जाताना पुन्हा लावा.

शिंप्याला चार गोष्टी सांगा. शिवण सुती दोऱ्यानं घाल, कारण पॉलिस्टरचा दोरा वितळला की सदरा शिवणीतच उसवतो. खिशांना झाकणं लाव, उघड्या खिशात निखारा पडला तर कळत नाही. विजारीच्या पायाशी बाहेरून दुमड ठेवू नको, तिथंही निखारे साठतात. कमरेला इलॅस्टिक नको, नाडी किंवा पट्ट्याची सोय कर. पट्टा चामड्याचा.

रंगाचंही बघा. वाळल्या गवतात आणि धुरात खाकी माणूस दिसत नाही. त्यावर उपाय म्हणून रस्त्याच्या कामावर घालतात ती चमकपट्ट्यांची नारिंगी जॅकेटं काही ठिकाणी वाटतात. ती जाळीदार पॉलिस्टरची असतात, आगीजवळ अजिबात नकोत. हळदी पिवळ्या रंगाचा सुती सदरा शिवून घ्या. लांबून दिसतो आणि वितळतही नाही.

पाय सांभाळले तर परत याल

पैसे थोडेच असतील तर पहिले बुटावर घाला. वणव्यात आग पुढे निघून जाते आणि मागे तापलेली जमीन, धुमसणारी खुंटं, सरकणारे दगड उरतात. घोट्याच्या वरपर्यंत येणारा, नाड्यांचा, पूर्ण चामड्याचा बूट घ्या. तळ जाड आणि खोल खाचांचा हवा. दुकानात दाखवतील तो लोखंडी टोपीचा सेफ्टी बूट कारखान्यासाठी असतो. आतलं लोखंड तापलं की बोटं भाजतात.

कॅनव्हासचे बूट, रबरी चपला, गमबूट घालून कुणी निघालं तर त्याला पाणक्याच्या कामावर ठेवा. गमबूट साप-विंचवापासून वाचवतो, पण निखाऱ्यावर मऊ पडतो. नव्या बुटानं थेट वणव्याला जायचं नाही. आधी जानेवारीत जाळरेषा (आग अडवायला मोकळे केलेले पट्टे) काढायच्या कामावर घालून पायाला बसवून घ्या. फोड आलेला माणूस पळू शकत नाही.

कुसळं टोचतात म्हणून विजार मोज्यात खोचायची सवय आहे आपल्याला. जाळरेषा काढताना खोचा. आगीजवळ मात्र विजार बुटावरून खाली सोडा, नाहीतर ठिणगी सरळ बुटात उतरते.

डोकं, डोळे, हात

उतारावर गवत जळलं की त्याच्या आधारानं बसलेले दगड सुटून खाली येतात. त्यासाठी शिरस्त्राण हवंच. मोटारसायकलचं हेल्मेट नको. आत थर्माकोल असतं, ऐकू कमी येतं आणि डोकं तापतं. बांधकामावरचं साधं शिरस्त्राण धगीजवळ मऊ पडतं, तरी दगडापासून वाचवतं. ते घालून आगीच्या तोंडाशी जाऊ नका. त्याच्या खाली सुती फडक्यानं मान आणि कान झाका. शिरस्त्राण नसेल तर म्हाताऱ्यांचं सुती पागोटं नायलॉनच्या टोपीपेक्षा कधीही बरं. शेव मात्र खोचलेला असावा.

डोळ्यांना बाजूनं बंद असलेला चष्मा लावा. उन्हाचा काळा चष्मा घातला तर संध्याकाळी काही दिसत नाही.

हातमोजे चामड्याचेच. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात दोन प्रकार मिळतात. कोपरापर्यंतचे जाड मोजे धग चांगली अडवतात, पण त्यात कोयत्याची मूठ नीट बसत नाही. आर्गॉन वेल्डिंगचे मऊ चामड्याचे मोजे घ्या. फांदी, दाताळं, पाला उडवायच्या ब्लोअरचं बटण सगळं त्यात हाताळता येतं. रबरी ठिपक्यांचे विणलेले मोजे बांधकामाला ठीक, वणव्याला निरुपयोगी.

ओलं फडकं तोंडाला बांधू नका

हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल, कारण पिढ्यान् पिढ्या उलटंच सांगत आले. तोंडाला ओलं फडकं, अंगावर ओलं पोतं. धगीत त्या पाण्याची वाफ होते आणि वाफ कोरड्या उष्णतेपेक्षा लवकर भाजते. ओल्या फडक्यातून ओढलेली गरम दमट हवा श्वासनळीला जास्त इजा करते. फडकं सुतीच आणि कोरडंच बांधा. पाणी पिण्यासाठी ठेवा.

मास्क धुळीचे आणि राखेचे कण अडवतो. कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तो अडवत नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, कामात गोंधळ व्हायला लागला, की मास्क असो नसो, त्या माणसाला धुराबाहेर काढा.

धनगराची घोंगडी

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अजून धनगरवाडे आहेत आणि दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी अजून मिळते. लोकर सहजासहजी पेट घेत नाही आणि वितळत नाही. काम करताना अंगावर घ्यायला ती जड पडते. पण गाडीत एक घोंगडी ठेवाच. कुणाचे कपडे पेटले तर त्याला आडवं पाडून घोंगडीत गुंडाळा. धगीच्या झोतातून गाडी काढावी लागली तर काचेच्या आत तिचा आडोसा घ्या. ऑस्ट्रेलियात वणव्याच्या मुलखातून जाणाऱ्यांनाही गाडीत शुद्ध लोकरीचं ब्लँकेट ठेवायला सांगतात. बाजारातली झुपकेदार रंगीत ब्लँकेटं बहुधा कृत्रिम धाग्याची असतात. तिथंही दोऱ्याची परीक्षा करा.

लेकींनो, हे तुमच्यासाठी

डोंगर पेटला की बाया मागे राहत नाहीत, आणि कपड्याचा सर्वात जास्त धोका त्यांनाच असतो. नायलॉन, जॉर्जेट, पॉलिस्टरची साडी नेसून आगीजवळ जायचं नाही. सुती लुगडं असेल तर काष्टा घट्ट घालून पदर खोचा. पंजाबी ड्रेस सुती असेल तर चालेल, ओढणी घरी ठेवा. शेतात साडीवर घरधन्याचा जुना सदरा घालता, तो बहुधा टेरीकॉट असतो, तेवढा बदला. वेणी गुंडाळून सुती फडक्यात बांधा, प्लास्टिकच्या बांगड्या आणि केसांचे चाप काढून ठेवा. समितीनं बूट घेताना तुमच्या मापाचेही घ्यावेत असा आग्रह धरा. मापापेक्षा मोठ्या बुटात मोजे कोंबून पळता येत नाही.

खळ, साबण, पेट्रोल

गणवेशाला कडक खळ घालून इस्त्री करणं परेडपुरतं ठीक. खळ म्हणजे पिष्ट, आणि पिष्ट जळतं. वणव्याच्या कपड्याला खळ नाही. अग्निरोधक कपड्याला ब्लीच आणि कपडे मऊ करणारं औषधही नाही. ब्लीचनं प्रक्रिया खराब होते आणि मऊ करणाऱ्या औषधाचा थर पेट घेतो.

घाम, माती, तेल यांनी कडक झालेला सदरा शौर्याची खूण म्हणून मिरवू नका. तेल मुरलेलं कापड लवकर पेटतं. ब्लोअरमध्ये पेट्रोल भरायचं ते आगीपासून लांब आणि मशीन थंड झाल्यावर. अंगावर सांडलं तर कपडा बदलल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. खिशातला गॅसचा लायटर गावातच काढून ठेवा, तो तापला की फुटतो. अंगठी, कडं, गळ्यातली साखळीही काढा. धातू तापतो आणि भाजलेलं बोट सुजलं की अंगठी निघत नाही.

पिशवीत काय हवं

प्रत्येकाजवळ भरपूर पाणी हवं. जोराच्या कामात ताशी लिटरभर घाम सहज जातो. तहानेची वाट न बघता थोडं थोडं पीत राहा. मीठ-साखरेच्या पुड्या ठेवा. कपाळाला लावायची विजेरी हवी, कारण बरंच काम रात्री पडतं आणि एक हात कायम फांदीला अडकलेला असतो. शिट्टी हवी. दरीत मोबाइलची रेंज जाते, शिट्टी ऐकू येते. फडकं एक जास्तीचं.

भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, आणि 108ला फोन. टूथपेस्ट, तूप, शाई काही लावायचं नाही. चिकटलेला कपडा ओढायचा नाही, तो दवाखान्यात काढतील.

हातातलं टाकायला शिका

सामान निवडायला सगळे शिकवतात, टाकायला कुणी शिकवत नाही. उतार दर 10 अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुपटीनं वाढतो. आपले कातळउतार किती उभे आहेत ते तुम्ही रोज बघता. आग खाली आणि तुम्ही वर असाल, तर तिच्याशी शर्यत लावून माणूस जिंकत नाही.

अमेरिकेत 5 ऑगस्ट 1949ला मोंटानातल्या मॅन गल्च इथे अशाच गवताळ उभ्या उतारावर 13 जण गेले. म्होरक्यानं त्यांना जड हत्यारं टाकायला सांगितलं होतं. तो स्वतः वाचला, कारण त्यानं पुढचं गवत आपल्या हातानं जाळून त्या जळक्या जागेत अंग टाकलं. 6 जुलै 1994ला कोलोराडोत स्टॉर्म किंग डोंगरावर 14 जण गेले, आणि काहींनी पळतानाही हत्यारं सोडली नव्हती. 2013च्या जूनमध्ये अॅरिझोनात यार्नेल हिल इथे 19 तरबेज माणसं गेली. त्यांच्याजवळ अॅल्युमिनियमच्या वर्खाचे, अंगावर ओढायचे खास तंबूही होते. तो तंबू धग परतवतो, पण थेट ज्वाळेत टिकत नाही. आपल्याकडे 13 जून 2024ला उत्तराखंडातल्या बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेले चार जण जागीच गेले. 11 मार्च 2018ला तमिळनाडूत कुरंगणीच्या गवताळ डोंगरावर ट्रेकला गेलेले वीसहून अधिक लोक वणव्यात सापडून दगावले.

म्हणून वारा फिरला, धूर तुमच्याकडे वळला, की पाठीवरचा ब्लोअर तिथंच उतरवा. ‘सरकारी मशीन आहे, भरून द्यावं लागेल’ हा विचार त्या वेळी करू नका. मशीन भरून देता येतं. पूर्ण जळून गेलेल्या जागेकडे वळा, तिथं जाळायला काही उरलेलं नसतं. अंगावरचा कपडा मात्र काढू नका, कितीही गरम वाटलं तरी. आणि कामाला हात घालण्याआधीच ठरवून ठेवा की परतायची वाट कोणती, आगीवर नजर ठेवायला वरच्या टेकाडावर कोण बसणार. बूट, सदरा, शिरस्त्राण सगळं अंगावर आहे म्हणून एक पाऊलही जास्त पुढे टाकायचं नाही.

पैसे कमी असतील तर

क्रम असा लावा. पहिला बूट, मग सुती पोशाख, मग चामड्याचे मोजे, मग चष्मा आणि कपाळाची विजेरी, मग शिरस्त्राण. ब्लोअर त्यानंतर. फोटोत मशीन छान दिसतं म्हणून आधी मशीन घेतलं आणि ते चालवणारा पोरगा रबरी चपलेत राहिला, असं होऊ देऊ नका.

भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 79 प्रमाणे जंगलात हक्क असणाऱ्यांवर आग विझवायला मदत करण्याचं बंधन आहे. कायदा तुम्हाला आगीकडे बोलावतो, तर तिथं जायचे बूट मागणं यात लाजायचं काही नाही. ग्रामसभेत मागा, वन समितीच्या बैठकीत मागा, ठरावात लिहून घ्या. मागणी डिसेंबरात करा, म्हणजे सामान जानेवारीत हाती येईल. होळीला मागितलेले बूट पावसाळ्यात येतात. आणि धूर दिसला की आधी वनखात्याचा 1926 हा नंबर लावा, मगच बुटाच्या नाड्या बांधायला घ्या.